कुंदन लमसेना

तीस वर्षं कारकुनी केली, पण माह्या हातची नोंद कोणी खोडली असं कधी झालं नाई. हे मी लोकाईले इतके वेळा सांगतलं की माही बायको जिजाबाई म्हणते, "आता दारावरच्या पाटीवर लिहून टाका, मधुकरराव, नोंद न खोडलेले." तं त्याच मधुकररावनं, रिटायर व्हायले सहा महिने राह्यले असताना, अशी एक नोंद केली की एका पोट्ट्याचं ठरलेलं लग्नच मोडायले निघालं. चूक माहीच होती. उगा दुसऱ्याच्या नावावर कायले फाडू?

आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या गोदामाले चुना मारून सरकारनं तरुणाई केंद्र उघडलं. एका हॉलात पाच टेबलं. रोजगार, शिक्षण, आरोग्य, कायदा अन् मनातलं बोलायचं असन तं समुपदेशन. आधी काय होतं, गावाकडचा पोट्टा कामाच्या नोंदणीले वर्ध्याले जाय, कागदासाठी तहसीलले, डॉक्टरच्या सर्टिफिकेटले सेवाग्रामले. तीन बशी, तीन दिवस, अन् शेवटी "साहेब नाई" हे आयकून वापस. आता सगळं एका छपराखाली. दारापाशी सहावं टेबल माहं. पोट्ट्यानं येऊन माह्यापाशी एकदा सांगाचं, मी अकरा पानाचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा, की पाचही टेबलाले तो दिसते. आमचे अंकुश साहेब तिशीतले, पुण्याकडचे. दिवसातून चाळीस वेळा 'समन्वय' म्हणत. मी मनात म्हणो, बापा, ह्या शब्दानं कोणाचं पोट भरलं? पण खरं सांगतो, पोट भरून राह्यलं होतं. गिरडची काजल नावाची पोट्टी सकाळच्या बशीनं आली अन् दुपारच्या बशीनं होस्टेलचा कागद घेऊन घरी गेली. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्या दिवसापासून मीही टेबलावर जरा ताठ बसाले लागलो.

कुंदन आला तो सोमवारी. बावीस वर्षाचा असन. गिरडच्या पल्याड डोंगरात मोहटेक म्हणून पंचवीस घराची गोंडाची वस्ती आहे, तिकडून आलता. त्याले सोलर पंप दुरुस्तीचा कोर्स करायचा होता. कोर्स वर्ध्याले, तीन महिन्याचा, तिथंच राहून.

"जाऊन-येऊन नाई करता येत का जी?" त्यानं पुसलं.

"नाई. राहाच लागते."

"मंग कठीण हाय. मले तिथून सोडता येत नाई."

"कुठून?"

"जंगलूमामाच्या घरून."

"सख्खा मामा?"

"नाई जी. तसा कोणी नोहे. म्हणजे, अजून नोहे."

इथंच मले थांबायले पाह्यजे होतं. पण फॉर्मचं चौथं पान समोर होतं अन् मी पानाप्रमाणं चालणारा माणूस. काम काय करतो? म्हणे वावर, बैल, सरपण, पऱ्हाटीचा कापूस वेचनं. मजुरी किती? पोट्टा हसला. "मजुरी कायची? जेवतो ना पोटभर." किती दिवसापासून? "दोन वर्षं झाले. तीन वर्षं बोललो आहो." अन् मधातच सोडलं तं? त्याचं हसणं गेलं. खाली पाहून म्हणे, "तं सगळंच गेलं जी," अन् त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

मी कीबोर्डावरून मान वर केली. "अरे, मंग तू त्या घरातला आहे तरी कोण?"

"लमसेना," तो म्हणाला, अन् लाजला.

मले वाटलं, आडनाव सांगून राह्यला. हिंदीकडं सक्सेना असते ना, तसं हे लमसेना असन. मध्य प्रदेश काही आपल्याले लय दूर नाई, आला असन कोणी आजा-पणजा तिकडून. आधार कार्ड पोट्ट्यानं घरी ठेवलं होतं, म्हणे उद्या आणतो. मी टाइप केलं : कुंदन लमसेना. मालक : जंगलू. मोबदला : नाही. काम सोडण्याची मुभा : नाही. अन् खाली एक चौकट होती, 'बळजबरीने काम करून घेतले जाते काय?' तिथं मी 'होय' वर अशी बोटं आपटली की बाजूच्या टेबलावरचे बंडूजी दचकले.

तो चौकोन दाबला का पाचही टेबलावर लाल होते. मले वाटलं होतं, सरकारी लाल आहे, पडून राहीन महिनाभर. कुंदन बशीनं गेला अन् दहा मिनिटात अंकुश साहेब माह्यापाशी उभे. त्याईचा चेहरा असा उजळला होता जसं घरी पोरगं झालं. "मधुकरराव, वेठबिगार! केंद्राची पहिली एकत्रित केस! उद्या सगळे जाऊ. समन्वयानं!"

आता पाहा. ज्या सरकारात एक फाइल ह्या टेबलाहून त्या टेबलावर जायले पितृपक्ष निघून जाते, त्या सरकारातले पाच टेबलं दुसऱ्या दिवशी सकाळी एका जीपीत कोंबून बसले. कायद्याच्या मंजुषा मॅडम, आरोग्याचे बंडूजी बीपीचं मशीन घेऊन, बाकीचे तिघं मागं, साहेब पुढं, अन् मी मधात. छाती माही दोन बोटं फुगलेली. म्हणलं, मधुकर, जाता जाता एका जीवाले सोडवलं.

मोहटेकले पोचलो तं जंगलू ओसरीवर टोपलं विणत बसला होता. सुकडा माणूस, पन्नाशीचा, अंगात बनियन. मी मनात जो मालक रंगवला होता त्याच्या मिशा लय मोठ्या होत्या, ह्याले तं मिशाच नाई. सहा-सात माणसं दारात पाहून तो उभा राह्यला. वस्तीतले लोकं गोळा झाले.

साहेबानं कागद काढला. "कुंदन लमसेना यांना तुम्ही कुठं ठेवलं आहे?"

वस्तीनं एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यलं. अन् मंग बाया ज्या हसत सुटल्या! एक बुढी तं भिंतीले टेकून खालीच बसली. साहेब माह्याकडं पाहे, मी साहेबाकडं.

कमरेले कापसाची ओटी बांधलेली एक पोट्टी पुढं आली. तीच रुपा, जंगलूची एकुलती एक पोरगी. तिनं लहान पोराले समजवावं तसं समजवलं. "लमसेना आडनाव नोहे जी. त्याचं आडनाव सलामे. आमच्यात पोरीच्या घरी होणारा जावई येऊन राह्यते, दोन-तीन वर्षं राबते, त्याचे गुण कळते, मंग लगन. त्याले लमसेना म्हणते. आता कोणी करत नाई जास्त, पण माह्या बाबाले नेमाचा भारी शौक."

मंजुषा मॅडमनं तिले बाजूले घेऊन वय पुसलं, मर्जी पुसली. "वीस पूर्ण. अन् मर्जी माहीच," रुपा सगळ्याईच्या पुढं बोलली. "मीच त्याले म्हणलं होतं, ये."

माह्या तोंडावर कोणी शेण फासलं असतं तं बरं झालं असतं. आमच्या बापाच्या वावरात गोंडाची माणसं पिढ्यान् पिढ्या कामाले आली. त्याईच्या हातची भाकर मी खाल्ली, अन् त्याईच्या घरातला एक शब्द मले ठाऊक नाई. अन् वर गोष्टी सांगतो तीस वर्षाच्या.

हसण्यावारी गेलं असतं तं ठीक होतं. पण जंगलू चौथी शिकलेला. त्यानं साहेबाच्या हातचा कागद घेतला अन् बोट ठेवून वाचला. मालक जंगलू. बळजबरी, होय.

"मी मालक?" तो हळूच म्हणाला. "साहेब, माहा आजा मालगुजाराच्या घरी जनमभर फुकट राबला. त्याच्या पाठीवरचे वळ मी हातानं चाचपले आहे. अन् तुमी मले त्या ओळीत बसवलं? माह्या वस्तीपुढं?"

साहेब म्हणे, "गैरसमज झाला, आम्ही..." पण जंगलू घरात गेला, कुंदनचं गाठोडं आणलं अन् अंगणात ठेवलं. कुंदन बैल घेऊन तेवढ्यात आला होता. त्याच्याकडं न पाहता जंगलू म्हणाला, "जा बाबू. सरकारनं तुले सोडवलं."

"मामा, मी असं काही म्हणलं नाई..."

"तू म्हणलं असो की नसो, कागद म्हणते. नेम मोडला."

नेम म्हणजे काय ते मले तवा बाजूच्या बुढीनं सांगतलं. मुदत पुरी व्हायच्या आधी लमसेना घर सोडून गेला तं झालेले दोन वर्षं पाण्यात अन् पोरगीही गेली. रुपानं ओटी सोडली, कापूस ढिगावर टाकला अन् आत गेली. बंडूजीनं, बिचाऱ्याले काही सुचेना म्हणून, जंगलूचं बीपी मोजलं. वाढलेलं निघालं. नाई वाढन तं काय?

संध्याकाळी जिजाबाईले सगळं सांगतलं. मले वाटलं, जराशी हमदर्दी भेटन. ती पोळ्या लाटता लाटता थांबली अन् बेलणं माह्याकडं रोखून म्हणे, "लग्नाच्या आधी पवनारले माह्या बाच्या घराची कौलं कोणी फेरली होती वो?"

"मी."

"अन् विहिरीतला गाळ?"

"मीच. पण तुह्या बानं म्हणलं होतं का? मी आपल्या मनानं..."

"दर रविवारी सायकलनं येत होते. चहाही अर्धा कप देये माहा बा. तवा कोणी जीप घेऊन आलं होतं का तुमाले सोडवाले?" अन् मंग तिचा आवाज उतरला. "जा अन् निस्तरा. पोरीचं घर बसायच्या आधी उठवलं तुमी."

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच कुंदन पायरीवर बसला होता. रात्र त्यानं गिरडले मित्राकडं काढली. मले म्हणे, "काका, मी तुमचं काय वाईट केलं होतं?" रागानं म्हणला असता तं मी सहन केलं असतं. तो खरंच पुसून राह्यला होता.

साहेबानं कॉम्प्युटर उघडला. लाल केस मिटवाची तं यादीतलं एक कारण निवडावं लागते. 'सुटका झाली', 'तक्रार खोटी', 'नोंद घेणाऱ्याची चूक'. हे तीनच. पहिलं लिहिलं तं जंगलू कायमचा गुन्हेगार. दुसरं लिहिलं तं कुंदन खोटारडा, अन् खोट्या तक्रारवाल्याले दोन वर्षं कोणताच कोर्स भेटत नाई.

"तिसरं निवडलं तर तुमच्या सर्व्हिस बुकात जाईल, मधुकरराव," साहेब म्हणाले. "दुसरं करून टाकू. त्या मुलाचं नंतर बघू काहीतरी."

सांगाले लाज वाटते, पण मी एक कप चहा होईपर्यंत विचार केला. सहा महिने राह्यले होते. सत्कारात काय बोलायचं तेही मी पाठ करून ठेवलं होतं, अन् त्यात ते खोडलेल्या नोंदीचं वाक्य दोनदा होतं. चहा संपला. पायरीवर तो पोट्टा तसाच बसला होता, मान खाली घालून. मी उठलो अन् तिसरं निवडलं. खाली शेरा लिहायची जागा होती, तिथं सविस्तर लिहिलं अन् कागद छापून घेतला.

"साहेब," मी म्हणलं, "हे त्याले वाचून दाखवा लागते. त्याच्या अंगणात, त्याच्याच लोकाईपुढं."

साहेबानं माह्या हातचा कागद घेऊन वाचला. मंग म्हणे, "मीही येतो. जीप नको. बशीनं जाऊ." त्या दिवशी तो माणूस मले पह्यल्यांदा आवडला.

मोहटेकले पोचलो तं जंगलूनं बसा म्हणलं नाई. आमी उभ्यानंच राह्यलो. आमच्यासंगं आलेला कुंदन अंगणाच्या बाहेर, त्याले आत यायची सोय नोहती. लोकं जमले तसा मी चष्मा लावला अन् वाचलं : "जंगलू यांनी कोणालाही बळजबरीने कामावर ठेवलेले नाही. कुंदन सलामे याने कोणतीही तक्रार केलेली नाही. लमसेना ही रीत आहे, हे नोंद घेणाऱ्यास ठाऊक नव्हते व त्याने विचारलेही नाही. चूक संपूर्णपणे नोंद घेणारा कारकून मधुकर याची आहे."

जंगलू म्हणाला, "पुन्हा वाचा. मागं बुढ्याईले आयकू नाई आलं."

पुन्हा वाचलं. मोठ्यानं.

"आता तो कागद इकडं द्या." त्यानं बोट ठेवून आपल्यापुरता तिसऱ्यांदा वाचला. 'चूक' ह्या शब्दावर बोट जराक थांबलं. "सरकारी माणसानं आपली चूक आपल्या हातानं लिहिली, असं मी कधी आयकलं नोहतं," तो म्हणाला, अन् खाट सरकवली. "बसा." त्याची बायको सुंदरा आतून पाणी घेऊन आली. जंगलू बाहेर पाहून ओरडला, "अबे, गाठोडं घेऊन उन्हात काऊन उभा हाय? आत ये."

मी खाटेवर टेकलो, वाटलं निस्तरलं. पण कुंदन आत येऊन जंगलूच्या पाया पडला अन् तिथंच त्यानं पुन्हा घोळ केला. "मामा, तो पंपाचा कोर्स... तीन महिने..."

"नेम म्हणजे नेम," जंगलू म्हणे. "अजून वर्ष हाय. ते पुरं कर, मंग जिकडं जायचं तिकडं जा."

साहेब म्हणाले की पुढच्या वर्षी कोर्स असन का नाई ते सांगता येत नाई. जंगलूनं नाई म्हणून मान हलवली, बस. मले वाटलं, चला, निदान लगन तं वाचलं, कोर्स गेला तं गेला.

तवा रुपा बोलली. दाराच्या चौकटीत उभी होती.

"बाबा, त्याच्या दोन वर्षाच्या राबण्यावर पाच साहेब जीप घेऊन आले. मी सात वर्षाची होती तवापासून ह्याच वावरात राबून राह्यली. मले मोबदला कोणी पुसला? सोडता येते का, हे कोणी पुसलं? अकरा पानाचा कागद म्हणते. माह्या नावानं तं अर्धं पानही नाई निघालं."

ती भांडून नोहती राह्यली, साधंच बोलली. जंगलूनं टोपल्याची काडी हातात घेतली, पाह्यली, खाली ठेवली. बायाईकडून एकीनं "खरं हाय माय" म्हणलं, अन् मंग दुसरीनं.

माह्या पिशवीत कोरे फॉर्म होते, वस्त्याईवर न्यायचे, कागदाचे. मी एक काढला. "आता काढतो पान," मी म्हणलं. "बोल बाई. तुले काय शिकायचं?"

"तेच. पंप." तिनं विचारही केला नाई, म्हणजे आधीच करून ठेवला होता. "आमचा पंप बंद पडला का बाबा चार दिवस मिस्त्रीच्या मागं फिरते अन् तवापर्यंत मी डोक्यावर पाणी आणतो. आपल्यालेच आलं तं?"

"पोरी घेते का त्यात?" सुंदरानं साहेबाले पुसलं.

"घेतात. सहा जागा मुलींसाठीच आहेत आणि पाच रिकाम्या आहेत," साहेब म्हणाले. "राहायची सोय वेगळी आहे. मी स्वतः पाहिली आहे."

सगळे जंगलूकडं पाहून राह्यले. त्यानं कुंदनकडं पाह्यलं, रुपाकडं पाह्यलं, अन् मंग वस्तीतल्या बुढ्याईकडं पाहून म्हणाला, "दोन वर्षात ह्या पोट्ट्यानं बैलाले कधी मारलं नाई. मले जे पाहाचं होतं ते पाहून झालं. मुदत सरली. मी म्हणतो, सरली." बुढ्याईनं माना हलवल्या. एक म्हणे, तुही पोर, तुहा नेम. "पण बिनलग्नाचे मी कोणालेच वर्ध्याले पाठवत नाई. पुढच्या बुधवारी लगन, अन् मंग दोघंही जा."

कुंदनले काय करू अन् काय नाई झालं. त्यानं पह्यले साहेबाच्या पायाले हात लावला, मंग माह्या, मंग चुकून बाजूले उभ्या भलत्याच माणसाच्या. रुपा पदराआड हसून राह्यली होती. माह्या डोळ्याले धार लागली अन् मी ती पुसली नाई. वय झालं आता माहं, रडलं तं रडलं.

तेवढ्यात सुंदरा पुढं आली. इतक्या वेळात ती एकदाच बोलली होती. कमरेवर हात ठेवून तिनं नवऱ्याले पुसलं, "दोघं गेले. अन् तीन महिने इचं राबणं कोण करन? पाणी, सरपण, कापूस?"

जंगलू जरासा अडखळला. वस्ती आयकून राह्यली होती. "मी करीन," तो म्हणाला. "मी काय मेलो का?"

सुंदरानं त्याले खालून वर पाह्यलं. मंग माह्या हातातल्या पेनाकडं बोट केलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हे लिहून घ्या. अन् ह्याची सही घ्या."

मी लिहिलं. जंगलूनं पुरं नाव काढून सही केली, अन् बायाईनं मले तो कागद दोनदा मोठ्यानं वाचाले लावला.